पर्यायी ठिकाणी सुरू

"शिगवण, बंद शाळा किती झाल्या?"

"सत्तेचाळीस, साहेब."

"शून्य लिवा."

मला वाटलं साहेब चेष्टा करताहेत. आमचे गटशिक्षणाधिकारी चौगुले साहेब कोल्हापूरकडचे. बोलणं मोकळं, आणि चेष्टा केली की आधी स्वतःच हसायचे. त्या दिवशी हसले नाहीत. टेबलावर जिल्ह्याहून आलेलं विवरणपत्र पडलं होतं आणि त्याच्यावर लाल शाईत लिहिलं होतं, 'आज सायंकाळपर्यंत'.

"साहेब, वादळाला महिना झाला. एकाही शाळेवर धड छप्पर नाही. आपली क्रमांक एकची तर..."

"अवो, छप्पर न्हाई म्हंजे इमारत बंद. शाळा कुठं बंद हाय?" त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "ह्यो तिसरा रकाना वाचा. 'पर्यायी ठिकाणी सुरू.' सत्तेचाळीस तिकडं ढकला. शेजारच्या तालुक्यानं शून्य पाठवलंय. आपण सत्तेचाळीस पाठवलं तर उद्याच्या मीटिंगला मलाच उभा करतील."

"पण शिक्षक? सगळे गुरुजी पंचनाम्याच्या कामावर लावलेत."

"त्येचा रकाना हाय का?"

मी खालीवर पाहिलं. नव्हता.

"मग?" साहेब म्हणाले, आणि चहा मागवायला बेल दाबली.

मी त्या कार्यालयात वरिष्ठ सहाय्यक होतो. अकरा वर्षं नोकरी झालेली, अक्षर वळणदार, आणि साहेबाला नाही म्हणायची सवय जिभेला कधी लागलीच नाही. बसलो लिहायला. शून्य लिहायला वेळ लागत नाही हो. खरा घाम फोडला तो चौथ्या रकान्यानं. 'ठिकाण.' सत्तेचाळीस शाळा, म्हणजे सत्तेचाळीस ठिकाणं, आणि तीही बसल्या जागी. मारुती मंदिर लिहिलं, विठ्ठल मंदिर लिहिलं, समाजमंदिर, ग्रामपंचायतीचं सभागृह, कुठे सरपंचांचा गोठासुद्धा लिहिला, पण 'गोठा' खोडून 'शेड' केलं. चाळिसाव्या शाळेपर्यंत गावोगावचे देव संपले. शेवटी राहिली आमच्याच पाणवेळची शाळा क्रमांक एक. माझी रेवा तिथे तिसरीत होती. आता पाणवेळातलं देऊळ घरं पडलेल्या माणसांनी भरलेलं, आणि हे सगळ्या गावाला माहीत. तिथे शाळा भरते असं लिहिलं तर शेंबडं पोरही हसेल.

मग मी लिहिलं, 'शासकीय वसाहत, खोली क्र. ४ समोरील व्हरांडा'.

माझ्या घराचाच तो व्हरांडा. खोटं लिहायचा कंटाळा आला होता म्हणा, नाहीतर सत्तेचाळिसात एक तरी खरं असावं असं वाटलं म्हणा. कारण त्या व्हरांड्यात त्या घटकेला खरोखरच सात पोरं बसलेली होती.

त्याचं असं झालं होतं. वादळ आलं ते दिवाळीच्या सुट्टीच्या शेवटच्या शनिवारी. सोमवारी शाळा उघडायची, तर रविवारी सकाळी शाळेचे पत्रे नदीच्या पलीकडे सापडले. दोन खोल्या शाबूत राहिल्या, त्यांत तहसीलवाल्यांनी ताडपत्र्या आणि तांदळाची पोती भरून कुलूप घातलं. पोरं घरी. आणि आम्ही आईबाप कसले? सरकारी! वादळ झालं की बाकीची माणसं घरी बसतात आणि सरकारी माणसाला दुप्पट काम लागतं. आमच्या वसाहतीत पोरं असलेली तीन घरं. एक आमचं. मी शिक्षण खात्यात, माझी बायको दर्शना ग्रामीण रुग्णालयात नर्स. दुसरं बाबल धुरीचं. तो वीज मंडळाचा वायरमन, त्याची बायको सानिका पंचायत समितीत शिपाई. तिसरं लोखंड्यांचं. कांचनबाई तलाठी, नवरा ग्रामसेवक, दोघंही बार्शीकडचे. तिन्ही घरांत म्हातारं माणूस नाही, कोणाचं माहेर जवळ नाही.

पहिला आठवडा पोरांना खोलीत कोंडून, खिडकीतून खाऊ देऊन काढला. मग बाबलच्या धाकट्यानं काड्यापेटी ओढली, आणि उशी जळाली. उशीवर निभावलं. तेव्हा तहसीलदारांची आम्ही गाठ घेतली. माणूस भला. त्यांनी परिपत्रक काढलं, ज्या कर्मचाऱ्यांच्या पाल्यांच्या शाळा बंद आहेत त्यांना आठवड्यातून एक दिवस घरी थांबण्याची मुभा. कंत्राटी असो की कायम, सगळ्यांना. तीन घरं, सहा माणसं, सहा वार. ज्याचा वार त्यानं सातही पोरं सांभाळायची. बाबलला मुभा कुणी दिली नव्हती, त्याचं खातं वेगळं. तो शनिवारी सरळ फोन बंद ठेवायचा.

"नेटवर्क नाय म्हणान सांगतंय," तो म्हणायचा. "आणि टॉवर पडलो तो काय मी पाडलंय?"

पोरांची मात्र चंगळ. ज्याचा वार त्याचा धंदा. बाबलच्या दिवशी पोरं तारेची वेटोळी करायची. कांचनबाईंच्या दिवशी पंचनामे. माझ्या रेवानं तिच्या बाहुलीचा पंचनामा केलेला मी पाहिलाय. 'उजवा हात पूर्णतः नष्ट, केस अंशतः बाधित, समक्ष पंच म्हणून सही.' आणि खाली पंच म्हणून बाबलच्या धाकट्याचा अंगठा. माझ्या दिवशी काय? शुद्धलेखन. पोरं जांभया द्यायची. सगळ्यांचा आवडता वार सोमवार, दर्शनाचा. ती त्यांना मनगटावर नाडी शोधायला शिकवायची. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पंधरा सेकंद मोजायचं, आणि मग चार पट करायची. चारच्या पाढ्याला रडणारी पोरं सोळा-सतरा ठोके हां हां म्हणता चौपटायची. शेजारपाजारच्या माणसांची नाडी बघून झाली तेव्हा पोरं गाईकडे वळली.

तर हा तो व्हरांडा. विवरणपत्र गेलं, साहेब खूश झाले, मीही विसरलो.

आठव्या दिवशी दर्शना ड्यूटीवरून आली ती पर्स न ठेवताच माझ्यासमोर उभी राहिली.

"अहो, हे वाचा. मोठ्यानं वाचा."

तहसीलचं नवं पत्र होतं, रुग्णालयाला आलेली प्रत. मी वाचायला लागलो. "तालुक्यात सद्यःस्थितीत एकही शाळा बंद नसल्याने कर्मचाऱ्यांना दिलेली आठवड्यातून एक दिवसाची मुभा सोमवारपासून रद्द करण्यात येत आहे..."

"वरचं वाचा. संदर्भ."

"संदर्भ, गटशिक्षणाधिकारी यांचे पत्र." माझा आवाज आपोआप बारीक झाला.

"ते पत्र लिहिलं कुणी?"

"साहेबांनी सही केली."

"सही नाही विचारली मी. लिहिलं कुणी?"

काय सांगणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ. रेवा मध्येच म्हणाली, "बाबांनी लिहिलं. बाबांचं अक्षर छान आहे." दर्शना एकदम हसायला लागली. असं हसू मला नको होतं, त्यापेक्षा भांडी आपटली असती तरी चाललं असतं.

"सत्तेचाळीस शाळा एका दिवसात उघडल्यात तुम्ही," ती म्हणाली. "आता सोमवारी पोरांना त्यातल्या कुठल्या शाळेत सोडू तेवढं सांगा."

रविवारी संध्याकाळी तिन्ही घरं आमच्या व्हरांड्यात जमली. कांचनबाई म्हणाल्या, "मला सोमवारी तीन गावचं वाटप हाय, साहेब जीपगाडी घिऊन दारात येत्यात." त्यांच्या नवऱ्याला ग्रामसभा. सानिकाकडून मुभा रद्द झाल्याची सही घेऊन गेले होते. बाबल म्हणाला, "माका शनवार दिलात, मी शनवार करतंय. सोमवारी डोंगरावरची लाइन चालू करूची असा, नाय केलंय तर लोक माका खांबाक बांधतीत." सगळे उठून गेले. राहिलो आम्ही दोघं. आणि सात पोरं.

"तुम्ही रजा टाका," दर्शना म्हणाली.

"उद्या? अगं, उद्या विभागाचे उपसंचालक येताहेत. पर्यायी शाळा बघायला. साहेबांनी सांगितलंय, शिगवण हलायचं नाही. सगळे कागद माझ्याकडे."

"म्हणजे मी राहायचं."

"एक दिवस. ताप आहे म्हणून कळव. मंगळवारी मी काहीतरी करतो."

ती शांतपणे म्हणाली, "अहो, माझी ऑर्डर अकरा महिन्यांची. एकतीस डिसेंबरला संपते. नवी ऑर्डर द्यायची की नाही ते अधीक्षकांच्या हातात. मला आजारपणाची रजा नसते, नुसती गैरहजेरी असते. चार वर्षं एकही पडू दिली नाही मी. बाळंतपणाचे टाके घालायला भर वादळात चालत गेले होते, आठवतंय? तुमची नोकरी कायम. तुम्हाला कोण काढणार आहे?"

"साहेब डूख धरतील."

"धरू देत की. डूख धरून काय करतील?"

खरं सांगतो, कायम माणसाचं साहेब काय वाकडं करणार? फार तर बदली, फार तर एखादं कारणे दाखवा. आज मला ते लख्ख दिसतं. पण त्या वेळी माझ्या तोंडून काय निघावं? मी म्हणालो, "तुझं काय, कंत्राटी आहे. आज ना उद्या दुसरीकडे लागशील. माझी पर्मनंट आहे, ती जपायला नको?"

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि उठून पोळ्या करायला गेली. सकाळी सानिकाच्या हाती रुग्णालयात चिठ्ठी धाडली, ताप आहे.

उपसंचालक साडेदहाला आले. उंच, जाड भिंगाचा चष्मा, मृदू बोलणं, आणि थोडासा दम लागत होता. चौगुले साहेबांनी बेत पक्का केला होता. नदीपलीकडच्या एका वाडीत समाजमंदिर झाडून, फळा टांगून, तीन वाड्यांतली पोरं आंघोळ घालून बसवलेली होती. एका गुरुजींना पंचनाम्यावरून एका दिवसापुरतं सोडवून आणलं होतं. तिथं नारळपाणीही होतं. जीप निघाली, मी मागच्या बाकावर फायली मांडीवर घेऊन. दोन किलोमीटरवर जीप थांबली. बाबलच्या माणसांनी नवा खांब उभा करायला रस्त्यावर आडवा ठेवलेला. बाबल वरून ओरडला, "दोन तास लागतले! मागे फिरा!"

चौगुले साहेबांचं तोंड उतरलं. पण उपसंचालक शांत. त्यांनी पिशवीतून माझंच विवरणपत्र काढलं, चष्मा वर केला आणि यादीवर बोट फिरवलं.

"हरकत नाही. हे बघा ना, क्रमांक एक, पाणवेळ. शासकीय वसाहत, खोली चारसमोरील व्हरांडा. हे तर जवळच दिसतंय."

"साहेब, तिथं काही विशेष न्हाई," चौगुले साहेब म्हणाले.

"विशेष नसलेलंच बघायचंय मला."

चौगुले साहेबांनी मागं वळून माझ्याकडे असं पाहिलं, की मी फायलींचा बंद सोडून पुन्हा बांधायला लागलो.

वसाहतीच्या फाटकाशी जीप थांबली तेव्हा व्हरांड्यातून आवाज येत होता, "सतरा चोक अडुसष्ट!" सहा पोरं जोडीजोडीनं एकमेकांची मनगटं धरून बसली होती, सातवं दर्शनाच्या मांडीवर. ती घरच्या साध्या साडीत, केस नुसते वर बांधलेले. आम्हाला बघून ती उठली. मी डोळ्यांनी काहीतरी खुणावलं. काय खुणावलं ते माझं मलाच सांगता येणार नाही. उपसंचालकांसोबत जिल्ह्याच्या पेपरचा वार्ताहर आला होता, त्यानं कॅमेरा काढला.

"वा," उपसंचालक म्हणाले. "तुम्ही इथल्या शिक्षिका का?"

दर्शनानं माझ्याकडे पाहिलं.

तो क्षण मला आजही जसाच्या तसा आठवतो. दोरीवर रेवाचा फ्रॉक वाळत होता, त्यातून पाणी ठिबकत होतं. दर्शना थांबली होती माझ्यासाठी. 'साहेब, ही माझी बायको, नर्स आहे, शाळा महिनाभर बंद आहे, आणि तो कागद मी लिहिला.' एवढं एक वाक्य. ते मी बोललो असतो तर त्या भल्या माणसानं काय केलं असतं? बहुतेक काहीच नाही. कदाचित चार ओळींचं पत्र लिहून शाळेचे पत्रे तरी आणून दिले असते.

"होय साहेब," मी म्हणालो. "याच शिक्षिका."

चौगुले साहेबांनी एवढा मोठा श्वास सोडला की रेवानं वळून बघितलं. दर्शनानं मान खाली घातली, आणि नमस्कार केला.

मग काय विचारता! उपसंचालक पोरांत खाली बसले. एकानं पंचनाम्याची वही काढून दाखवली. उपसंचालकांनी बाहुलीचा पंचनामा सगळ्यांना वाचून दाखवला. "हे बघा, परिसरातून शिक्षण. पुस्तकात सापडेल का हे?" चौगुले साहेब म्हणाले, "आमचा उपक्रमच हाय तो, साहेब." रेवाला चेव आला. ती म्हणाली, "काका, तुमची नाडी बघू?" आणि त्यांचं मनगट धरून घड्याळाकडे बघत ओठांत मोजायला लागली. मग तिनं भुवया चढवल्या.

"आई, यांची मोजता येत नाही. मध्येच थांबते आणि मग पळते."

पोरीनं आई म्हटलं, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. दर्शना पुढे झाली आणि तिनं ते मनगट हातात घेतलं. तिथं बसलेली माझी बायको नव्हती, की शिक्षिका नव्हती. ती ज्या पद्धतीनं तीन बोटं ठेवून नजर घड्याळाला लावते, ती मी रुग्णालयात शंभरदा पाहिलेली. कॅमेरा खटकन वाजला.

"साहेब, दम कधीपासून लागतोय?"

"अं? असेल आठवडाभर."

"ठोके नियमित नाहीत. आज गोळी घेतलीत का तुम्ही कसली? घेतली नसेल तर इथनं तडक रुग्णालयात जा आणि हृदयाची पट्टी काढून घ्या. उद्यावर टाकू नका."

उपसंचालक थोडे घाबरले, मग हसले. "चौगुले, तुमच्या शिक्षिकेला आरोग्याचंही चांगलं ज्ञान आहे हो."

"प्रशिक्षण दिलंय साहेब, सगळ्यास्नी," चौगुले साहेब म्हणाले.

उपसंचालक गुणी माणूस. बाईंचं ऐकून ते खरंच रुग्णालयात गेले, पट्टी काढली, डॉक्टरांनी गोळी सुरू केली. जाता जाता त्यांनी अधीक्षकांपाशी तोंड भरून कौतुक केलं, तुमच्या गावच्या शाळेतल्या बाईंनी नाडीवरून ओळखलं म्हणून. कोण बाई, असं अधीक्षकांनी विचारलं. नाव त्यांना आठवेना.

नाव बुधवारच्या पेपरात आलं. तीन रकान्यांचा फोटो. उपसंचालक मांडी घालून, आणि त्यांचं मनगट धरलेली दर्शना, बाजूला रेवाचा अर्धा चेहरा. खाली छापलेलं, 'नाडीच्या ठोक्यांतून गणिताचे धडे देणाऱ्या उपक्रमशील शिक्षिका सौ. दर्शना शिगवण'. मी तीन अंक विकत आणले. खरंच आणले हो, लपवून काय करू? बायकोचा एवढा सुंदर फोटो लग्नातही निघाला नव्हता.

ती दुपारीच परत आली. हातात जेवणाचा डबा तसाच.

"काय झालं?"

"काही नाही. अधीक्षकांनी पेपर टेबलावर ठेवला, आणि त्याच्या शेजारी माझी तापाची चिठ्ठी. म्हणाले, सिस्टर, तापात तुम्ही फार टवटवीत दिसता."

"तू सांगायचंस ना खरं काय ते!"

"काय सांगू? मी शिक्षिका नाही, माझ्या नवऱ्यानं उपसंचालकांना खोटं सांगितलं, असं? आणि मग तुमची पर्मनंट?" तिनं डबा ओट्यावर ठेवला. "मी म्हटलं, दोन्हीकडे करत होते. चुकलं."

मला रडू आलं. तिला आलं नाही. ती पोरांची वही काढून बसली, कारण बुधवार कांचनबाईंचा आणि कांचनबाई वाटपाला गेलेल्या. एकतीस डिसेंबरला तिची ऑर्डर संपली आणि पुढची आली नाही. मी अधीक्षकांकडे जाणार होतो. दोनदा त्यांच्या फाटकापर्यंत गेलो. तिथून काय सांगायचं ते जुळवता जुळवता परत आलो.

तशी सोय मात्र झाली. आता घरात हक्काचं माणूस होतं ना! तिन्ही घरं निर्धास्त. मग चौथं आलं, पाचवं आलं. फेब्रुवारीत व्हरांड्यात एकवीस पोरं होती. कुणी जाताना अंडी द्यायचं, कुणी नुसतं "वहिनी, तुमचे उपकार" म्हणायचं. जानेवारीत शाळादुरुस्तीची यादी निघाली. क्रमांक एक तिच्यात शेवटून दुसरी. मी चौकशी केली तर जिल्ह्याचा कारकून म्हणाला, "अहो शिगवण, तुमची शाळा तर आदर्श चाललीय. ज्यांच्या बंद आहेत त्यांना आधी पत्रे नकोत का द्यायला?"

"बंद कुणाच्या आहेत?"

"कागदावर कुणाच्याच नाहीत," तो म्हणाला, "पण तुमची तर पेपरात आलीय."

छप्पर दुसऱ्या वर्षीच्या गणपतीनंतर चढलं. तोवर मला प्रशस्तिपत्रही मिळालं, 'नैसर्गिक आपत्तीत एकही दिवस शाळा बंद न ठेवल्याबद्दल'. चौगुले साहेबांनी स्वतः चौकट करवून दिली. मी ते कपाटामागे ठेवलं. दर्शनानंच ते काढून व्हरांड्यात टांगलं. "असू दे, पोरांना वाचायला होतं," म्हणाली. दर दिवाळीला झाडलोट करताना ती त्याची काच पुसते. मला पुसायला सांगत नाही.

तिनं पुन्हा अर्ज केले, नाही असं नाही. एकदा जागा निघाली तेव्हा रेवाची दहावी, एकदा निघाली तेव्हा वयाची अट ओलांडून चार महिने झालेले. मग तिनं अर्ज करणं सोडलं. वसाहतीत अजून कुणाला ताप आला की लोक तिच्याकडे येतात. ती मनगट धरते, घड्याळाकडे बघते. मी आत निघून जातो.

गेल्या जूनमध्ये रेवाचा कॉलेजचा अर्ज भरत होतो. ती व्हरांड्यात लॅपटॉप घेऊन बसलेली, मी शेजारी खुर्चीवर. रकाने भरण्यात माझा हात कोण धरणार? ती वाचायची, मी सांगायचो. वडिलांचं नाव, वडिलांचा व्यवसाय, नोकरी, शासकीय, कायम.

"बाबा, आईच्या व्यवसायात काय लिहू? नर्स लिहू की शिक्षिका?"

सत्तेचाळीस ठिकाणं एका बैठकीत लिहिणारा मी. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आत दर्शना तांदूळ निवडत होती. ताटातला हात थांबल्याचं मला ऐकू आलं.

"शून्य लिही," ती आतून म्हणाली.

रेवा खळखळून हसली. "आई, काहीही काय! हा आकड्यांचा रकाना नाहीये." आणि पुढचं विचारायला तिनं माझ्याकडे पाहिलं. मी प्रशस्तिपत्राच्या काचेकडे बघत होतो. लख्ख पुसलेली होती.